छापील अँटेनाला होणारा व्यत्यय बहुधा बोर्डावरच जन्मतो

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. देवगड तालुक्यातील एका हापूसच्या बागेत तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारी छोटी यंत्रे आपण बसवत आहात. प्रत्येक यंत्राच्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लोरा (कमी विजेत लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) संदेशांसाठी उलट्या 'एफ'च्या आकाराचा छापील अँटेना आहे, शेजारी जीपीएसचा सिरॅमिक पॅच (चपटा अँटेना) आहे, आणि बॅटरी एका लहान सौर पॅनेलवर चार्ज होते. रत्नागिरीच्या कार्यशाळेत अँटेनाचे ट्यूनिंग उत्तम दिसते, व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) १.५ च्या आत आहे. तरीही बागेत यंत्राला गेटवेकडून (सर्व यंत्रांचे संदेश गोळा करणाऱ्या केंद्राकडून) पोचपावत्या मिळत नाहीत, ऐन दुपारी हा त्रास वाढतो, आणि जीपीएसला जागा पकडायला फार वेळ लागतो. यावर अँटेनाचा आकार बदलावा की त्याच्याभोवती व्हायांचे (बोर्डाचे थर जोडणाऱ्या, तांब्याने मढवलेल्या छिद्रांचे) कुंपण घालावे, असे आपण विचारले आहे.

अँटेनाला इतक्यात हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेली लक्षणे, विशेषतः दुपारी वाढणारा त्रास, असे दाखवतात की व्यत्ययाचा मोठा भाग आपल्याच बोर्डावर तयार होतो आहे. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३४६ मिलिमीटर असते. उलट्या एफची भुजा तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे हवेत ८६ मिलिमीटरच्या आसपास आणि एफआर-४ वर (बोर्ड ज्याचा बनतो त्या पदार्थावर) त्याहून काहीशी आखूड असते. आपण ज्याला अँटेना म्हणतो ती ही भुजा प्रत्यक्षात अर्धाच अँटेना आहे, उरलेला अर्धा म्हणजे बोर्डाचे संपूर्ण ग्राउंड प्लेन, प्रवाहांना परतीची वाट देणारा तांब्याचा थर. भुजेत जितका प्रवाह वाहतो तितकाच ग्राउंडमध्येही वाहतो. मग त्याच ग्राउंडवर प्रोसेसरचा घड्याळ-संकेत, चार्जरचे स्विचिंग आणि मेमरीची वाहतूक यांचे परतीचे प्रवाह फिरत असतील, तर त्यांना अँटेनापर्यंत पोहोचण्यासाठी हवेतून जावेच लागत नाही, कारण ते जन्मतःच अँटेनात असतात.

व्हीएसडब्ल्यूआर चांगला असूनही पल्ला का मिळत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. व्हीएसडब्ल्यूआर फक्त एवढेच सांगतो की अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतील किती शक्ती परत फिरली. नॉइजविषयी, म्हणजे संकेत झाकून टाकणाऱ्या नको त्या गोंगाटाविषयी, तो काहीच सांगत नाही. किंबहुना नॉइज अँटेनामार्गेच रिसीव्हरमध्ये शिरत असेल, तर मॅचिंग (अँटेना आणि रिसीव्हर यांचा विद्युत मेळ) सुधारल्यावर हवा असलेला संकेत जितका वाढतो तितकाच नॉइजही वाढतो आणि दोहोंचे गुणोत्तर जागच्या जागी राहते. कित्येक हुशार अभियंते मॅचिंगच्या इंडक्टर-कपॅसिटरची मूल्ये बदलण्यात आठवडे घालवतात, आणि ते श्रम वाया जाताना पाहून मला वाईट वाटते. म्हणून हा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो आहे.

आता थोडे गणित करू, कारण किती सूक्ष्म गोष्टीशी आपला सामना आहे हे आकड्यांशिवाय कळत नाही. खोलीच्या तापमानाला औष्णिक नॉइज दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) असतो. १२५ किलोहर्ट्झच्या लोरा चॅनेलसाठी त्यात ५१ डीबी मिळवले की उणे १२३ होतात. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज फिगर, म्हणजे त्याने घातलेली नॉइजची भर, ६ डीबी धरला, तर नॉइजचा तळ उणे ११७ डीबीएमवर येतो. एसएफ१२ या सर्वांत संथ पण सर्वांत लांब पोहोचणाऱ्या मांडणीत लोरा त्या तळाच्याही २० डीबी खालचा संकेत उकलू शकतो, त्यामुळे संवेदनक्षमता उणे १३७ डीबीएमच्या जवळ जाते, आणि चिपच्या माहितीपत्रकातही साधारण हाच आकडा छापलेला असतो. पण हा आकडा तळ खरोखर उणे ११७ वर असेल तरच खरा. बोर्डावरच्या नॉइजने तो १० डीबीने वर उचलला, तर संवेदनक्षमताही १० डीबीने जाते आणि मोकळ्या जागेत पल्ला जवळपास एक-तृतीयांशावर येतो. दाट आंब्याखाली क्षीणन अंतरागणिक अधिक वेगाने वाढते, म्हणून तिथे पल्ल्यातली घट प्रमाणाने कमी दिसेल, परंतु तिथे हाताशी असलेली शिल्लकही मुळात कमी असते.

याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. यंत्रावरचा नॉइज फक्त यंत्राच्या ऐकण्यावर परिणाम करतो. यंत्राने पाठवलेला संदेश गेटवेला नीट ऐकू येतो की नाही, हे गेटवेच्या जागेवरचा नॉइज आणि यंत्राच्या अँटेनाची कार्यक्षमता यांवर ठरते. म्हणून गेटवेची नोंद उघडून पाहा. एकच संदेश त्याच क्रमांकाने पुन्हा पुन्हा आलेला दिसला, तर संदेश पोहोचतो आहे आणि फक्त पोचपावती यंत्राला ऐकू येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तसे असेल तर पुढे लिहिलेले सारे आपल्याला थेट लागू पडते. उलट गेटवेकडे संदेशच पोहोचत नसतील, तर आधी गेटवेच्या अँटेनाची उंची आणि त्याच्या आसपासची साधने पाहावी लागतील. प्रेषणशक्ती वाढवण्याचा मोह होतो, आणि भारतात या पट्ट्यात परवान्याशिवाय १ वॉट प्रेषणशक्ती आणि ४ वॉट प्रभावी प्रसारित शक्तीपर्यंत मुभाही आहे. पण यंत्राची शक्ती वाढवल्याने यंत्राचे कान सुधारत नाहीत, उलट बॅटरी लवकर रिकामी होते.

मोजणीसाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. आपण वापरता त्या वर्गातील बहुतेक लोरा चिप कोणत्याही क्षणीचे आरएसएसआय (मिळणाऱ्या शक्तीचे) वाचन देऊ शकतात. रिसीव्हर ऐकण्याच्या स्थितीत ठेवून, कोणीही काही पाठवत नसताना, हे वाचन सेकंदाला अनेकदा घ्या आणि बोर्डावरच्या मेमरीत साठवा. लॅपटॉप जोडून हे वाचन घेऊ नका, कारण यूएसबीची तार लॅपटॉपचा नॉइज घेऊन येते आणि त्याच वेळी ग्राउंडची लांबी वाढवून अँटेनाचा स्वभावच बदलते. कार्यशाळेत उत्तम वाटणारा बोर्ड बागेत बिघडतो किंवा त्याच्या नेमके उलट घडते, त्याचे हे एक नेहमीचे कारण असते. वाचन घेण्यासाठी गावाबाहेरच्या सड्यावर जावे. एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि वायफाय राउटर यांच्यापासून दूर असलेला जांभ्याचा उघडा कातळ ही मोजणीसाठी फार चांगली जागा आहे, आणि कोकणात ती घरापासून फार लांब नसते. तिथे प्रथम अँटेना सोडवून त्याजागी ५० ओहमचा रोध जोडा आणि तळ नोंदवा. मग अँटेना जोडून, प्रोसेसर कमीत कमी कामात ठेवून, तळ पुन्हा नोंदवा. त्यानंतर एकेक विभाग चालू करत जा: आधी सेन्सर, मग मेमरी, मग जीपीएस, आणि शेवटी सौर पॅनेल उन्हात ठेवून चार्जर. ज्या पायरीवर तळ उडी मारतो तिथे दोष आहे. रोध जोडलेला असतानाही तळ वर असेल, तर नॉइज वीजपुरवठ्यातून किंवा चिपच्या पायांतून शिरतो आहे आणि अँटेनाशी त्याचा संबंध नाही.

दोषाचा विभाग कळला की नेमकी जागा शोधण्यासाठी जवळच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रोब लागतो. बारीक कोअॅक्सच्या टोकाची मधली तार वाकवून बाहेरच्या जाळीला टाके मारले की सात-आठ मिलिमीटर व्यासाचे कडे तयार होते. ते टायनीएसएसारख्या लहान स्पेक्ट्रम अॅनालायझरला जोडून बोर्डावरून हळूहळू फिरवावे. आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि साधा संगणकही चालतो, फक्त संगणक लांब ठेवावा.

आता संभाव्य गुन्हेगारांकडे वळू, आणि त्यात पहिला मान प्रोसेसरच्या घड्याळाचा. समजा, प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळावर चालतो. त्याचा १०८ वा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची १०८ वी पट) बरोबर ८६४ वर आणि १०९ वा ८७२ वर पडतो. दोन्ही आपल्या पट्ट्याबाहेर आहेत, म्हणजे क्रिस्टल वापरला असेल तर चिंता नाही, कारण ५० पीपीएम (दशलक्षात ५०) चुकीनेही ८६४ ची रेषा ४३ किलोहर्ट्झपेक्षा अधिक सरकत नाही. परंतु पैसे वाचवण्यासाठी चिपच्या आतले आरसी (रोध-कपॅसिटरचे) घड्याळ वापरले असेल आणि त्याची चूक १ टक्का असेल, तर तीच रेषा ८५५ ते ८७३ मेगाहर्ट्झच्या दरम्यान कुठेही भटकू शकते, आणि तापमानाबरोबर तिची जागा बदलत राहते. सकाळी ठीक चालणारे यंत्र दुपारी बिघडण्याचे हेही एक कारण असू शकते, म्हणून चार्जरवर सगळा दोष ढकलण्याआधी हे तपासून पाहा. भारतातील लोरावॅनचे (लोरा यंत्रांच्या जाळ्याच्या नियमावलीचे) ठरलेले चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ, आणि दुसरी ऐकण्याची खिडकी (संदेश पाठवल्यावर यंत्र दुसऱ्यांदा ऐकते तो काळ) ८६६.५५० मेगाहर्ट्झला असते. आपल्या बोर्डावरील प्रत्येक घड्याळाच्या पटी कागदावर मांडून त्या या चार आकड्यांशी ताडून पाहाव्यात. अर्ध्या तासाचे हे काम आराखडा काढण्यापूर्वी केले, तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

घड्याळाची गती बदलता येत नसेल तर त्याच्या कडा बोथट कराव्यात. संकेताची चढण १ नॅनोसेकंदाची असेल तर त्याचा वर्णपट सुमारे ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत संथ उतरतो आणि त्यापुढे वारंवारता दहापट होताना दर वेळी ४० डीबीने घसरतो. चढण २ नॅनोसेकंदांची केली की हे वळण १५९ मेगाहर्ट्झवर येते, आणि ८६६ मेगाहर्ट्झला ६ डीबीचा फायदा फुकटात पदरी पडतो. त्यासाठी एसपीआयच्या (चिपमधील संवादाच्या जोडणीच्या) घड्याळ-रेषेत उगमाजवळ २२ ते ४७ ओहमचा रोध घालावा आणि प्रोसेसरच्या पायांची गती सॉफ्टवेअरमधून सर्वांत मंद ठेवावी. घड्याळाची वारंवारता मुद्दाम हलती ठेवणारी सोय काही चिपमध्ये असते. तिने प्रमाणपत्राच्या चाचणीतले शिखर खाली येते, पण एकूण ऊर्जा तेवढीच राहून पट्ट्यावर पसरते. आपल्यासारख्या संवेदनशील रिसीव्हरला त्याचा उपयोग नाही, कधी कधी अपायच होतो.

दुसरा, आणि आपल्या बाबतीत बहुधा मुख्य, गुन्हेगार म्हणजे सौर चार्जर. त्याची स्विचिंग वारंवारता एखाद्या मेगाहर्ट्झच्या घरात असते, म्हणून ८६६ मेगाहर्ट्झशी तिचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात स्विच उघडताना आणि मिटताना ट्रॅकचे इंडक्टन्स आणि ट्रान्झिस्टरचे कपॅसिटन्स मिळून शेकडो मेगाहर्ट्झचे कंपन उठवतात, आणि आधुनिक स्विचच्या कडा इतक्या तीव्र असतात की त्यांचा प्रभाव आपल्या पट्ट्यापर्यंत सहज पोहोचतो. ढगाळ सकाळी चार्जर जवळजवळ बंद असतो, दुपारी तो पूर्ण प्रवाहाने चालतो. आपण सांगितलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. उपाय बोर्डाच्या मांडणीत आहे. इनपुटचा कपॅसिटर, वरचा स्विच आणि खालचा स्विच किंवा डायोड यांचा वळसा शक्य तितका लहान असावा, कपॅसिटर चिपच्या पायांना खेटून असावा, आणि त्याच्या थेट खालच्या थरात अखंड ग्राउंड असावे. स्विचिंगचा नोड पसरट ठेवू नये, कारण तांब्याचा तो चौकोन स्वतःच एक पॅच अँटेना होऊन बसतो. इंडक्टर झाकलेल्या चुंबकीय मार्गाचा घ्यावा. आणि हा सगळा विभाग अँटेनाच्या विरुद्ध टोकाला ठेवावा, जरी त्यामुळे पॅनेलचा कनेक्टर गैरसोयीच्या बाजूला गेला तरी.

तयार झालेल्या बोर्डांसाठी एक सोपा मार्ग आहे. आपले यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते आणि संदेश पाठवल्यानंतर एका सेकंदाने एकदा व दोन सेकंदांनी पुन्हा एकदा, एवढेच ऐकते. त्या खिडक्यांपुरता चार्जर बंद ठेवावा, मेमरीत लिहिणे थांबवावे आणि रेडिओ चिपला तिच्या अंतर्गत स्विचिंगऐवजी रेषीय रेग्युलेटरवर चालवावे. एवढ्या क्षणांत बॅटरीचे काही बिघडत नाही. कुजबुज ऐकायची असेल तर घरातला मिक्सर आधी बंद करावा लागतो, तसेच हे आहे. बोर्ड न बदलता, केवळ सॉफ्टवेअरने होणारा हा उपाय आपण सर्वांत आधी करून पाहावा.

तिसरी गोष्ट तारांची. सौर पॅनेलची तार आणि पानओलाव्याच्या सेन्सरची तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून अँटेनाच्या दृष्टीने तीही ग्राउंडचाच लांबलेला हात असते. चार्जरचा नॉइज त्या तारेवर उतरतो आणि तार तो प्रसारित करते. भरीस भर म्हणजे तार कुठे बांधली आहे त्यावर अँटेनाचे ट्यूनिंग हलते. यासाठी कनेक्टरपाशीच प्रत्येक तारेत फेराइट बीड (उच्च वारंवारता अडवणारा मणी) घालावा. बीड निवडताना बहुतेक जण १०० मेगाहर्ट्झचा रोधांक पाहतात. आपल्याला मात्र १ गिगाहर्ट्झच्या आसपास ज्याचा रोधांक टिकून राहतो असा बीड हवा, आणि तो आलेख माहितीपत्रकात दिलेला असतो. बीडच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे तारेच्या बाजूला, ६८ पिकोफॅरॅडचा लहान कपॅसिटर ग्राउंडला द्यावा. अर्धा नॅनोहेन्री परजीवी इंडक्टन्स धरले तर तो ८६० मेगाहर्ट्झच्या जवळ स्वयं-अनुनाद गाठतो आणि नेमका आपल्या पट्ट्यात सर्वांत कमी रोध देतो. शेजारचा १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर त्याच हिशेबाने २० ते २५ मेगाहर्ट्झपुढे इंडक्टरसारखा वागू लागतो. तो काढू नये, त्याचे काम वेगळे आहे, पण ८६६ मेगाहर्ट्झसाठी केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये.

आता व्हायांचे कुंपण आणि ग्राउंड यांविषयी. नवा बोर्ड करणारच असाल तर दोन थरांऐवजी चार थर घ्या, यापरता किफायतशीर उपाय मला ठाऊक नाही. दोन थरांच्या १.६ मिलिमीटरच्या बोर्डात ट्रॅक आणि ग्राउंड यांच्यातील अंतर जवळपास तेवढेच असते. चार थरांत ते साधारण ०.२ मिलिमीटरवर येते आणि प्रत्येक संकेताच्या वळशाचे क्षेत्र आठपटीने घटते. दुसरा थर पूर्ण ग्राउंडचा ठेवावा आणि त्यात एकही फट पडू देऊ नये. फटीवरून एखादा वेगवान ट्रॅक गेला की त्याचा परतीचा प्रवाह फटीला वळसा घालतो आणि ती फट खाचेच्या अँटेनासारखी प्रसारण करू लागते. दोन थरांच्या बोर्डात खालच्या बाजूने एकच लांब ट्रॅक आडवा गेल्याने तळ वर गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. कडेच्या व्हायांमधील अंतर बोर्डातील तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी असावे. एफआर-४ मध्ये ८६६ मेगाहर्ट्झसाठी हे अंतर सुमारे ८ मिलिमीटर आणि जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झसाठी साडेचार मिलिमीटर येते, म्हणून सरसकट ४ मिलिमीटर धरावे. अँटेनाच्या भुजेखाली मात्र कोणत्याही थरात तांबे नको. नॉइज करणाऱ्या विभागावर पत्र्याचे झाकण टाकायचे असेल तर त्याची चौकट चारही बाजूंनी ग्राउंडला टाचलेली हवी. दोनच टोकांना टाचलेले झाकण नवा अनुनाद निर्माण करते.

दोन अँटेनांमधील परस्पर-युग्मन (एकातील ऊर्जा दुसऱ्यात शिरणे) कमी करण्यासाठी ग्राउंडमध्ये विशिष्ट आकाराच्या खाचा पाडणे, मधे परजीवी पट्टी ठेवणे किंवा अळंबीच्या आकाराच्या सूक्ष्म रचनांची जाळी घालणे, असे उपाय शोधनिबंधांतून भरपूर वाचायला मिळतात. अळंबीच्या आकाराची ती रचना १९९९ साली सिव्हनपायपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि ५ गिगाहर्ट्झ व त्यावर ती सुंदर काम करते. आपल्या पट्ट्यात मात्र तिचे एकेक घर इतके मोठे होते की तळहाताएवढ्या बोर्डावर ती बसतच नाही. आपल्यासाठी लोराचा अँटेना एका टोकाला, जीपीएसचा पॅच दुसऱ्या टोकाला, आणि मधे गाळणी, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

जीपीएसचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. जमिनीवर पोहोचणारा जीपीएसचा एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झचा) संकेत किमान उणे १२८.५ डीबीएमच्या आसपास असतो, तर २ मेगाहर्ट्झच्या रुंदीतला औष्णिक नॉइजच उणे १११ डीबीएम असतो. म्हणजे संकेत नॉइजच्या १७ डीबी खाली गाडलेला असतो. सड्यावर, मोकळ्या आकाशाखाली, माथ्यावरच्या उपग्रहांचे सी/एन-शून्य (संकेत आणि दर हर्ट्झचा नॉइज यांचे गुणोत्तर) ४२ ते ४५ डीबी-हर्ट्झ दिसायला हवे, आणि हा आकडा रिसीव्हर त्याच्या माहितीतील जीएसव्ही नावाच्या ओळीत स्वतःच सांगतो. तो ३५ च्या खाली गेला की पहिली पकड लांबत जाते. वर सांगितल्याप्रमाणे एकेक विभाग चालू-बंद करून हा आकडा नोंदवत जावे. आपल्या बोर्डावर कुठे २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या: त्याचा ६३ वा हार्मोनिक १५७५.०० वर, म्हणजे जीपीएसच्या संकेताच्या मुख्य पट्ट्यातच पडतो. त्याला कोणतीही गाळणी अडवू शकत नाही, क्रिस्टलच बदलावा लागतो.

लोरा प्रेषणाच्या वेळी जीपीएस बहिरे होते, ते मात्र गाळणीने बरे होते. आपण २० डीबीएमने पाठवत असाल आणि दोन अँटेनांमध्ये १५ डीबीचेच विलगीकरण असेल, तर जीपीएसच्या एलएनएवर (क्षीण संकेत वाढवणाऱ्या पहिल्या प्रवर्धकावर) ५ डीबीएम आदळतात. वारंवारता वेगळी असली तरी एवढ्या माऱ्याने एलएनए संपृक्त होतो. एलएनएच्या आधी एक सॉ गाळणी (एक अरुंद पट्टाच पुढे सोडणारा घटक) बसवली तर साधारण १ डीबी संकेत गमवावा लागतो आणि मोबदल्यात ८६६ मेगाहर्ट्झला दहा डीबींच्या कित्येक पटींचे संरक्षण मिळते. तरीही मला विचारायचे आहे की झाडाखालच्या स्थिर यंत्राला जीपीएस कायम चालू कशाला हवे? बसवताना एकदा जागा नोंदवून ते बंद करावे, वेळ गेटवेकडून घ्यावी. त्याने व्यत्यय, वीज आणि खर्च या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात.

बाहेरून येणारा व्यत्ययही असतो, फक्त तो वेगळा ओळखायला हवा. भारतात ८५० पट्ट्यातील मोबाइल टॉवरचे प्रसारण ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या अगदी उशाशी. बागेसमोरच्या टेकडीवर टॉवर असेल तर गेटवेला ८६५ ते ८६७ ची सॉ गाळणी लावणे इष्ट आहे. त्यात दोन-तीन डीबी जातात. बोर्डावरचा नॉइज आपल्याच पट्ट्यात असेल तर या गाळणीचा काहीही उपयोग होत नाही, म्हणून मोजणीच्या आधी ती विकत घेऊ नये.

टॉवरशी निगडित आणखी एक प्रकार किनाऱ्यावर विशेष आढळतो. खाऱ्या हवेने गंजलेला सांधा, मग तो पत्र्याच्या छपराचा असो, जीआय खांबाच्या क्लॅम्पचा असो वा काटेरी तारेचा, डायोडसारखा वागतो आणि दोन प्रबळ वारंवारतांचे मिश्रण करतो. ८७५ आणि ८८४ मेगाहर्ट्झचे दोन वाहक अशा सांध्यावर पडले तर ८७५ च्या दुपटीतून ८८४ वजा करून नेमके ८६६ मेगाहर्ट्झ उगवते. याला बोर्डावर उपाय नाही. यंत्र किंवा गेटवे अशा सांध्यांपासून काही मीटर दूर न्यावा, खांबाला ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणि प्लॅस्टिकचे क्लॅम्प वापरावेत. क्लॅम्प हाताने हलवल्यावर तळ थरथरला तर दोष तिथेच आहे, असे समजावे.

खारेपणाचा दुसरा परिणाम ट्यूनिंगवर होतो. पाण्याचा पारविद्युत स्थिरांक ८० च्या आसपास, एफआर-४ चा ४.४ च्या आसपास. मृगापासून पुढचे चार महिने डब्यावर पाण्याचा पातळ थर जवळजवळ कायम असतो, आणि त्यात मीठ मिसळले की तो वाहकही होतो. अँटेना डब्याच्या भिंतीला चिकटून असेल तर त्याची वारंवारता खाली सरकते आणि कार्यक्षमता घटते. नॉइज तेवढाच राहून संकेत कमी झाला, तर परिणाम व्यत्यय वाढल्यासारखाच दिसतो. म्हणून अँटेना आणि भिंत यांत निदान १० मिलिमीटर हवा ठेवावी, डबा उभा लावावा म्हणजे पाणी ओघळून जाईल, आणि ट्यूनिंग नेहमी डबा बंद करून, वर पाणी शिंपडून तपासावे. बोर्डावर लेप देण्यापूर्वी फ्लक्सचे अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुवावेत, नाहीतर लेपाखाली ओलावा अडकून मॅचिंगच्या घटकांभोवती गळती सुरू होते. लेपाने अँटेनाची वारंवारता किंचित उतरते, तेव्हा अंतिम मॅचिंग लेपानंतरच ठरवावे. भुजा थोडी आखूड ठेवून कोरड्या दिवसांत अनुनाद ८७० च्या जवळ ठेवला, तर पावसाळ्यात तो पट्ट्यात येऊन बसतो.

हाच बोर्ड पुढे मालवणच्या मासेमारी होड्यांवर बसवण्याचा विचार आपण शेवटी लिहिला आहे, त्याविषयी थोडे. होडीवर जीपीएस सतत लागणारच, आणि तिथे मरीन व्हीएचएफ संच २५ वॉटने १५६ ते १६२ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. त्याचा दहावा हार्मोनिक १५६० ते १६२० मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे एल१ च्या दोन्ही बाजूंना पडतो. तेव्हा एलएनएआधीची सॉ गाळणी तिथे ऐच्छिक राहत नाही, आणि पॅच व्हीएचएफच्या काठीपासून शक्य तितका दूर बसवावा. सी/एन-शून्य नोंदवताना तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) संचावरून बोलायला सांगावे आणि इंजिनचे अल्टरनेटर चालू ठेवावे. हे आकडे होडी बंदरात बांधलेली असताना घेतले तर चालतील, मात्र शेजारच्या होड्यांचे संच तेवढ्या वेळापुरते बंद असावेत.